केशरी सरबत आणि आईची साक्ष

जुलै २००१ मध्ये आमच्या मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली. मुलगा बाकावर बसत नाही, शेजारच्याला बसू देत नाही, पालकांनी भेटावे. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. माझ्या आईने तिथल्या तिथे निकाल दिला : सुनेने वळण लावले नाही. मी काही बोललो नाही, म्हणजे आईच्याच बाजूने होतो. बायकोने वाद घातला नाही. दुधाच्या हिशेबाची जुनी वही काढून ती मुलगा रोज काय खातो ते लिहू लागली. पंधरा दिवसांनी केशरी सरबताच्या पुडीचा डबा आणि रंगीत गोळ्या घरातून गेल्या. महिनाभरात मुलगा निवळला. "रंगानं होत होतं," ती म्हणाली. मी हसलो.

मी काही शास्त्राचा माणूस नाही. पण ते हसणे मला पुढे टोचत राहिले, आणि मिळेल तिथून या विषयावरचे मूळ निबंध गोळा करण्याचा नाद लागला. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेल्या त्या कागदांतून जी हकीकत हाती आली ती इथे मांडतो.

तिची सुरुवात एका फोनने होते. डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड सॅन फ्रान्सिस्कोच्या कैसर पर्मनंटे वैद्यकीय केंद्रात ॲलर्जी विभागाचे प्रमुख होते. १९६५ साली अंगावर पित्ताच्या गांधी उठून चेहरा सुजलेली एक बाई त्यांच्याकडे आली. त्यांनी तिला सॅलिसिलेट नसलेला आहार दिला. कृत्रिम रंग आणि स्वादही बंद केले. गांधी गेल्या. काही दिवसांनी तिच्या मनोविकारतज्ज्ञाचा फोन आला. दोन वर्षे उपचार घेणारी, सदा भांडणाच्या पवित्र्यात असलेली ही बाई एकाएकी शांत झाली, तुम्ही केलेत तरी काय? फाइनगोल्ड यांनी मग तेच पथ्य अतिचंचल मुलांना देऊन पाहिले. १९७३ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे मांडली, १९७५ मध्ये पालकांसाठी पुस्तक काढले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाची पालकांची संघटना उभी राहिली.

पथ्य सोपे नव्हते. सुरुवातीला सफरचंद, संत्री, द्राक्षे, टोमॅटो, काकडी, बदाम हेसुद्धा बंद. दुकानातली पाकिटे उलटून वाचायची, केक-बिस्किटे घरी करायची, रोजची नोंद ठेवायची. फाइनगोल्ड यांचा आणखी एक आग्रह होता : पथ्य सगळ्या घराने पाळायचे, एकट्या मुलाने नाही. आपल्याकडे मधुमेह आजोबांना होतो आणि साखर फक्त त्यांच्याच कपातली जाते. तिथे अख्ख्या घराचे ताट बदलत होते, आणि ते बदलण्याचे काम अर्थातच आईकडे होते.

टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. घरभर इतकी उलथापालथ झाली, मुलाकडे इतके लक्ष गेले, तर मूल सुधारणारच. त्यात रंगाचा काय संबंध? खाद्य उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या न्यूट्रिशन फाउंडेशनने नेमलेल्या समितीला १९७५ मध्ये पुरावा अपुरा वाटला. आक्षेप घेणारे कोण होते हे पाहिले की तो झटकून टाकावासा वाटतो. पण आक्षेप खरा होता.

तो तपासण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रेस्टन हार्ले आणि सहकाऱ्यांनी जी चाचणी केली, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वात कष्टाची वाटते. त्यांनी कुटुंबांच्या घरातले होते नव्हते ते खाणे काढून नेले आणि दर आठवड्याला सगळ्या घराचा शिधा स्वतः पुरवला. काही आठवडे फाइनगोल्ड यांचे पथ्य, काही आठवडे दिसायला तसाच पण रंग-स्वाद असलेला आहार. कोणता कधी, हे घरच्यांना ठाऊक नव्हते. १९७८ मध्ये निष्कर्ष आले. शाळकरी वयाची ३६ मुले होती. शिक्षकांना आणि प्रयोगशाळेतल्या निरीक्षकांना त्यांच्यात सांगण्याजोगा फरक दिसला नाही. दहा मुले मात्र शाळेच्या वयाआधीची होती. त्या दहाही जणांच्या आयांनी पथ्याच्या काळात मूल सुधारल्याचे नोंदवले. सात वडिलांपैकी चौघांनी.

एकूण निष्कर्ष पथ्याच्या विरोधात गेला. त्या दहा आया निबंधात कोपऱ्यात राहून गेल्या.

हे वाचले त्या वर्षी, दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत, मी बायकोची वही पुन्हा उघडली. रंगाच्या बाजूचा पुरावा शोधायलाच, खरे तर. एका पानावर तिच्या बारीक अक्षरात होते : "सरबत नाही. चिवडा, पोळी. रात्री ह्यांनी गोष्ट वाचली." पुढच्या पानावर पुन्हा गोष्ट. त्याच्या पुढच्या पानावरही. म्हणजे सरबत बंद झाले त्याच आठवड्यात मी मुलाजवळ बसू लागलो होतो, आणि मला ते आठवतही नव्हते. टीकाकारांचा आक्षेप आमच्याच घरात लिहून ठेवलेला निघाला.

पण विषय तिथे संपला नाही. १९८० मध्ये बर्नार्ड वाइस यांनी २२ लहान मुलांना ७७ दिवस रोज एक पेय दिले. त्यांतल्या ठरावीक आठ दिवशीच त्यात सात रंगांचे मिश्रण होते. वीस मुलांवर ठळक परिणाम दिसला नाही, दोघांवर दिसला. त्यांतल्या एका मुलीवर तर फारच. ती तीन वर्षांचीही नव्हती. सरासरी काढली की अशी मुलगी दिसेनाशी होते.

मग इंग्लंडच्या दक्षिणेचे वाइट बेट. तिथे तीन वर्षांच्या २७७ मुलांवर केलेली चाचणी २००४ मध्ये छापून आली. आधी एक आठवडा रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक पूर्ण बंद. पुढे एका आठवड्यात पेयातून रोज २० मिलिग्रॅम रंग आणि ४५ मिलिग्रॅम बेंझोएट, दुसऱ्या आठवड्यात तसेच दिसणारे रिकामे पेय. क्रम कोणालाच माहीत नाही. रंग बंद झाल्यावर चंचलता कमी झाली असे पालकांनी लिहिले. त्यात मनाचा भाग असणारच, कारण बंद झाल्याचे त्यांना ठाऊक होते. रिकाम्या पेयाच्या आठवड्यातही ती थोडी वाढलेली दिसली. पण रंगाच्या आठवड्यात वाढ जास्त होती, आणि हे लिहिताना पेयात काय आहे याची घरी कोणालाच कल्पना नव्हती. चिकित्सालयात घेतलेल्या चाचण्यांत मात्र फरक सापडलाच नाही. पालकांना दिसले ते चिकित्सालयाला दिसले नाही.

यानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठात जिम स्टीव्हनसन यांच्या गटाने तीन वर्षांच्या १५३ आणि आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. परिणाम सरासरीने लहान होता, मुलामुलांत पुष्कळ फरक होता आणि दोन्ही मिश्रणांचे निकाल सारखे नव्हते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुरावा मर्यादित ठरवला. तरीही २० जुलै २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांपैकी एकही असेल तर मुलांच्या चंचलतेवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो, असे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले.

टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन आणि पाँसो ४आर हे त्यांतले चार रंग आपल्याकडे परवानगीच्या यादीत आहेत. पाकिटावर कृत्रिम रंग असल्याचे छापतात, १०२, ११० असे आकडेही असतात. वागण्याबद्दल अक्षर नाही. आपल्याकडे खाण्याच्या रंगावरचा वाद भेसळीचा आणि विषाचा असतो. तमिळनाडूने २०२४ मध्ये म्हातारीच्या कापसावर बंदी घातली ती ऱ्होडामिन-बीसाठी, आणि ती योग्यच होती. पण मूल कसे वागते हा प्रश्न आला की आपण पाकीट उलटून पाहत नाही. आपण त्याच्या आईकडे पाहतो.

माझी आई २००९ मध्ये गेली. वळणाचा शब्द तिने मागे घेतला नाही, आणि घ्यावा असे मीही तिला कधी म्हटले नाही.

गेल्या वर्षी बायको बुंदी पाडत होती, तेव्हा मी तिला वाइट बेटाची हकीकत सांगितली. गोष्टींची पानेही सांगितली, कारण ती लपवणे बरे दिसले नसते. तिने झारा कढईच्या काठावर टेकवून सगळे ऐकून घेतले.

"त्या बायकांना नंतर सांगितलं का," तिने विचारले, "रंगाचा आठवडा कुठला होता ते?"