परडी कुणी उचलली?

बहात्तरच्या दुष्काळावर लिहायचं म्हटलं की आपण सुकडी, मिलो आणि खडी फोडायची कामं, एवढंच लिहितो. मीही पेपरात तेच लिहीत आलो. परवा आमच्या टेंभुर्णीतल्या एका आराधी आजीनं मला अडवलं. "बाबा, माणसं गेली ते लिहितोस. देवी कशी गेली, ते कोण लिहील?"

गाव सोडताना तिच्या सासूनं भांड्यांच्या आधी तुळजाभवानीची परडी बांधली. देव्हाऱ्यातले टाक दिराकडं गावातच राहिले. परडी मात्र पालात टांगली गेली. दर मंगळवारी-शुक्रवारी सासू कवड्यांची माळ घालून पाच पालांपुढं जोगवा मागायची. खडी फोडून हात सोललेल्या बाया रात्री तिच्याभोवती जमायच्या. जात कुणी विचारली नाही, असं आजी म्हणते. (मला जरा शंका आहे, पण असो.)

आराधी पुरुषही असतात. पण तुळजापूरच्या देवळात पूजा भोप्यांच्या घराण्यांकडं, आणि घरातली परडी बहुतेक सासूकडून सुनेकडं. म्हणजे घरदार सुटलं की देव सांभाळणारी बाईच.

दक्षिण अमेरिकेतले ग्वारानी लोक दुःख नसलेली भूमी शोधत पिढ्यानपिढ्या समुद्राकडं चालत गेले. विसाव्या शतकात त्यांच्यातल्या एका भगतीणबाईनं आपली माणसं दक्षिण ब्राझीलमधून वर्षानुवर्षं चालवत उत्तरेला नेली. त्यांच्याकडं हे इतिहासात लिहिलं गेलं.

आजीची दुसरी गोष्ट अवघड आहे. मुक्काम हलवायचा होता, पोरगं तापानं फणफणलेलं. सासू सांगून थकली, कुणी ऐकेना. मग तिच्या अंगात देवी आली. देवी म्हणाली, थांबा. सगळे थांबले.

अंगात आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. डॉ. दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. तरी मी आजीला "ते ढोंग होतं का?" असं विचारू शकलो नाही. सासूचं कुणी ऐकलं असतं तर देवीला यावं लागलं असतं का, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

आजीच्या मुलानं मुकादमाकडून उचल घेतलीय. दिवाळीनंतर सून त्याच्यासोबत ऊसतोडीला जाईल. परडी न्यायची की इथंच ठेवायची, यावर सासू-सुनेचं अजून ठरलेलं नाही.

तुमच्या घरी परडी असेल तर ती कुठून, कुणाच्या डोक्यावरून आली, ते मला जरूर कळवा.