पीटीचे बूट

परवा भाच्याबरोबर कॉलेज रोडला गेलो होतो. साहेबांना स्नीकर्स घ्यायचे होते. चार दुकानं पालथी घालून त्याने जो जोड पसंत केला तो बघून मला हसूच आलं. पांढरं कॅनव्हास, पांढरा रबरी तळ, पांढऱ्या नाड्या. म्हटलं, अरे हे तर आमचे पीटीचे बूट! "मामा, काहीही काय!"

पण माझं म्हणणं अगदीच काहीही नव्हतं.

आमच्या घरात बाटा म्हणजे आपलीच कंपनी, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात टोमास बाटाने भावंडांबरोबर १८९४ मध्ये ती काढली ती झ्लिन गावात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. १९३४ मध्ये कोलकात्याजवळ बाटानगरचा पाया घातला गेला आणि १९३६ मध्ये 'बाटा टेनिस' हा बूट आला, भारतातल्या शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी. नाव टेनिस! आमच्यापैकी कोणी रॅकेट हातात धरली असेल तर शपथ.

बूट स्वस्त होता, कारण कातडं नाही आणि तळाला शिलाई नाही. कापडाला कच्चं रबर चिकटवून भट्टीत तापवलं की रबर पक्कं होऊन कापड धरून ठेवतं. झालं काम. त्या काळातली बाटाची एक जाहिरात तर चक्क धनुर्वाताची भीती घालायची. जखम छोटी असली तरी घातक ठरू शकते, तेव्हा बूट घाला. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर आजवर अनवाणी चालणारा माणूस.

तिकडे अमेरिकेत कॉन्व्हर्सचा १९१७ चा ऑल स्टार बास्केटबॉलच्या मैदानातून रस्त्यावर आला. आदिदासचा १९६९ चा सुपरस्टारही बास्केटबॉलचाच. रन-डीएमसी या रॅप मंडळींनी तो नाड्या न बांधता मिरवला, १९८६ मध्ये त्यावर गाणं केलं आणि कंपनीने त्यांच्याशी करारच केला. आमचा बूट मात्र शनिवारी शाळा सुटली की पायातून निघायचा. तो घालून मेनरोडला जायचं? छे! आणि पुढच्या शुक्रवारी रात्री त्यावर खडू घासायचा.

अर्थात, हेही सगळ्यांना नव्हतं. वर्गातल्या एकाकडे बूट नव्हते, म्हणून तो पीटीच्या तासाला रांगेबाहेर उभा असायचा. दर शनिवारी. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आता आठवलं की कसंसंच होतं.

आपल्याच जिल्ह्यात, हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत शाळेत असताना अनवाणीच धावायची. २०१० मध्ये तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून आपण तिचं भरपूर कौतुक केलं. पण शाळकरी पोरांसाठी म्हणून बनवलेला तो स्वस्तातला बूट साठ वर्षांत बाटानगरहून सावरपाड्याच्या पोरीच्या पायापर्यंत पोचला नव्हता.

असो. भाच्याला म्हटलं, मळले की खडू घास, नव्यासारखे दिसतात.

"मामा, मळलेलेच भारी दिसतात."