हेडफोनची पूर्वपीठिका आणि मिरजेची कसोटी

मिरजेच्या सतारमेकर गल्लींत तंबोरा तयार झाला म्हणजे त्याची अखेरची परीक्षा डोळा करीत नाहीं, कान करतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा वाळवून कोरला, त्यास दांडी जोडली, तारा चढविल्या, तरी वाद्य अपुरेंच असतें. घोडी व तार यांच्यामध्यें सुताचा बारीक धागा सरकवीत कारागीर जवारी लावतो. आणि एका नेमक्या जागीं तार नुसती वाजत नाहीं, गुंजूं लागते. एका स्वराच्या पोटांतून अनेक उपस्वर उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1921 सालीं याच गुणाचें शास्त्रीय विवेचन केलें. शस्त्रांचें काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत ही कला मिरजेंत रुजविली. मिरज संस्थान 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें आणि त्या जिल्ह्यास 1960 पासून सांगली हें नांव मिळालें. पुढें 2024 सालीं येथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभलें.

ज्या भागांत कानाची अशी प्रतिष्ठा, त्या भागांतील घरांतही आज एक प्रश्न वारंवार पडतो. मुलाला फावल्या वेळीं खेळ खेळावयाचा असतो, वडिलांस गाणें ऐकावयाचें असतें, आणि दोघांसाठीं मिळून कान पूर्ण झांकणारा एकच हेडफोन घ्यावयाचा असतो. अशा वेळीं वेष्टनावरील चित्रें पाहण्यापेक्षां या यंत्राचा इतिहास पाहणें अधिक उपयोगाचें आहे. कारण निरोप, दिशा आणि स्वर अशा तीन निरनिराळ्या गरजांतून तें घडत आलें आहे.

पहिली गरज निरोपाची. 1876 सालीं टेलिफोन निघाला आणि थोड्याच वर्षांत त्याच्या केंद्रांवर काम करणाऱ्यांस हात मोकळे ठेवून ऐकण्याची निकड भासूं लागली. पुढें अमेरिकेंतील यूटा प्रांतांत नॅथनिएल बाल्डविन यानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून डोक्यावर चढविण्याचें नाजूक श्रवणयंत्र बनविलें. 1910 सालीं तें अमेरिकन आरमाराकडे गेलें व पसंत पडलें. 1927 सालच्या जुलैच्या 23 तारखेस मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां स्वस्तांतील स्वस्त साधन म्हणजे क्रिस्टल सेट होता. त्यास वीज लागत नसे, पण आवाज इतका क्षीण येई कीं हेडफोन कानास लावल्यावांचून कांहींच ऐकूं येत नसे. केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट. शंभर मैलांहून दूर असलेल्या साताऱ्यास असल्या सेटचा उपयोग नव्हता. तेथें बल्बांचा महाग रेडिओच हवा. ऐकण्याची इच्छा सर्वांची, साधन मात्र थोड्यांचें, अशी ती स्थिति होती. सांगलीस स्वतःचें आकाशवाणी केंद्र मिळावयास 1963 साल उजाडलें.

दुसरी गरज दिशेची, आणि ती नभोवाणीहून जुनी आहे. 1881 सालीं पॅरिस येथील विद्युत्प्रदर्शनांत क्लेमां आडेर यानें नाट्यगृहाच्या रंगभूमीवर जागोजागीं ध्वनिग्राहक मांडले आणि प्रत्येक श्रोत्यास दोन कानांसाठीं दोन वेगळीं श्रवणयंत्रें दिलीं. गायक डावीकडून उजवीकडे गेला, तर दूरच्या दालनांतील श्रोत्यास तें कळत असे. लॉर्ड रॅले यानें 1907 सालीं याचें कारण उलगडलें : एका कानीं ध्वनि किंचित् आधीं पोंचतो आणि किंचित् मोठा लागतो. हा काळाचा फरक जास्तींत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. तेवढ्यावरून मेंदु दिशा ओळखतो.

2018 च्या सुमारास पब्जी हा खेळ घरोघरीं पोंचला आणि आडेरची ती जुनी करामत मुलांच्या हातीं आली. शत्रूचें पाऊल पाठीमागें वाजलें कीं बाजूस, यावर डाव अवलंबून असतो. परंतु खेळासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या हेडफोनवर सात-आठ बाजूंच्या आवाजाची जी जाहिरात असते, तिला भुलूं नये. कान दोन व बहुधा आंत पडदेही दोनच. बाकीचा सारा गणिताचा खेळ आहे, आणि तें गणित पुष्कळदां खेळांत आधींच केलेलें असतें.

तिसरी गरज स्वराची. 1937 सालीं जर्मनींत बायर या कारखान्यानें डीटी 48 हा हेडफोन काढला. 1958 सालीं अमेरिकेंत जॉन कॉस यानें दोन बाजूंच्या संगीतासाठीं खास हेडफोन आणला, तेव्हांपासून घरीं एकट्यानें संगीत ऐकण्याची चाल रूढ होत गेली. 1968 सालीं सेनहायझर कंपनीनें पाठीमागून उघडा असा नमुना काढला. उघड्या हेडफोनमध्यें आवाज कोंदत नाहीं, मोकळा व दूर पसरल्यासारखा वाटतो, म्हणून गाण्यास तो उत्तम आणि दिशा ओळखण्यासही चांगला. पण त्यांतील आवाज शेजाऱ्यास ऐकूं जातो व शेजाऱ्याची बडबड ऐकणाऱ्यास. एका खोलींत अभ्यास व खेळ दोन्ही चालत असतील, तर बंद हेडफोनच घ्यावा.

बिनतारी हेडफोनमध्यें आणखी एक अडचण आहे. साध्या ब्लूटूथवरून आवाज सेकंदाच्या दहाव्या-पांचव्या भागाइतका मागें राहतो. गाण्यांत हें जाणवत नाहीं. खेळांत मात्र गोळी आधीं दिसते व मग ऐकूं येते. म्हणून खेळासाठीं तारेचा, किंवा स्वतंत्र छोटा जोड असलेला हेडफोन बरा. बोलण्याची सोय हवी असेल तर मायक्रोफोन काढतां येण्याजोगा असावा. चष्मा वापरणाऱ्यानें चष्म्यासह निदान वीस मिनिटें तो डोक्यावर ठेवून पाहावा. सांगलीच्या उन्हाळ्यांत कातडी गादीपेक्षां कापडी गादी सुसह्य होते.

स्वराची परीक्षा कशी करावी? येथें मिरजेची रीति उपयोगी पडते. तंबोऱ्याचें चांगलें ध्वनिमुद्रण लावावें. चारही तारा वेगळ्या ओळखूं येतात काय, जवारीची गुंजन शेवटपर्यंत टिकते काय, कीं खर्जाच्या घुमाऱ्यांत सारें बुडून जातें, हें ऐकावें. खर्ज फुगविलेला हेडफोन प्रथम भुरळ पाडतो, पण पाऊलही झांकतो व सूरही. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खां यांच्या जुन्या तबकड्यांवरून मात्र ही परीक्षा होत नाहीं. त्यांत वरचे उपस्वर मुळांतच थोडे उतरले आहेत. त्या ऐकतांना तीव्र हेडफोनपेक्षां सौम्य हेडफोन सुखावह वाटतो, कारण तो सुईची खरखर वाढवीत नाहीं.

शेवटीं किंमतीहून मोठी गोष्ट कानाची. जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 सालीं घातलेली मर्यादा प्रौढांस आठवड्यांतून 40 तास 80 डेसिबल, आणि मुलांस तेवढ्याच तासांसाठीं 75 डेसिबल अशी आहे. आवाज त्याहून चढला कीं तास झपाट्यानें कमी करावे लागतात. एकदां गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. खांसाहेबांच्या 1937 सालच्या निधनानंतर मिरजेच्या दर्ग्यांत त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं गायनसेवा होते. तेथें शेंकडों माणसें एकत्र बसून ऐकतात व कोणाच्याही कानावर कांहीं नसतें. त्या मैफलींत बसल्यावर तंबोऱ्याचा शेवटचा उपस्वरही ऐकूं यावा, एवढा जपून घरचा हेडफोन वापरला, म्हणजे निवड योग्य झाली.