ठासणीची बंदूक आणि सातपुड्याचे हरीण : खानदेशातील एका हत्याराचा इतिहास #थ्रेड

१/
१८२५ साली जेम्स आउट्रम हा बावीस वर्षांचा इंग्रज लेफ्टनंट खानदेशात आला. भिल्लांची पलटण उभारण्याचे काम त्याच्याकडे होते आणि तिचे ठाणे होते धरणगाव. ही पलटण कवायतीच्या मैदानापेक्षा शिकारीच्या रानात आधी आकाराला आली. खानदेशात शिकार आणि सत्ता यांचे नाते इतके जवळचे का होते, हे समजण्यासाठी प्रथम त्या काळची बंदूक समजून घ्यावी लागते.

२/
त्या काळची बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर शिशाची गोल गोळी ठेवायची आणि गजाने ती दारूवर घट्ट बसवायची. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यात सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असे. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगण्याची वा फुटण्याची भीती. म्हणून जाणते शिकारी गजावर खूण करून ठेवत. खूण नळीच्या तोंडाशी आली, की गोळी जागेवर बसली.

३/
कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. तिचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, तर गोळीचा जेमतेम साडेसतरा. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली होती; लढाईत भराभर गोळी ठासता यावी, नळीत काजळी साचली तरी ती अडू नये. पण अशी गोळी नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे आणि अखेरच्या धक्क्याने कुठेही वळे. समोर उभ्या रांगेवर झाडण्यास ती पुरेशी होती. ऐंशी पावलांवर उभ्या असलेल्या एकट्या चितळासाठी मात्र ती भरवशाची नव्हती.

४/
यावर उपाय होता चिंधीचा. रायफलच्या नळीत आतून मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. नळीपेक्षा किंचित लहान गोळी चरबी किंवा मेण लावलेल्या कापडाच्या अथवा पातळ चामड्याच्या चकतीत गुंडाळून ठासली, की ती चकती खाचांत रुतते आणि गोळीला फिरकी देते. नळीबाहेर पडताच चिंधी गळून पडते व गोळी फिरत सरळ जाते. इंग्रजी सैन्यातील बेकर रायफल याच तत्त्वावर चाले. तोटा एकच : गोळी ठासायला वेळ फार लागे.

५/
पुढे १८५३ च्या एनफिल्ड रायफलसाठी चिंधीऐवजी कागदी काडतूस आले. त्याच्या कागदालाही वंगण लागेच. शिकाऱ्याची चिंधी आणि शिपायाचे काडतूस यांत एक महत्त्वाचा फरक होता. चिंधीला चरबी लावायची की मेण, हे शिकारी स्वतः ठरवी आणि ती दाताने तोडावी लागत नसे. काडतूस तयार येई आणि दाताने तोडावे लागे. १८५७ च्या असंतोषाला तोंड फुटले ते इथे.

६/
हरणाच्या शिकारीत आणखी एक अडचण होती. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी रंजक पेटे, मग आतली दारू. त्या निमिषभराच्या भडक्याने सावज बिचके. पक्ष्यांच्या शिकारीत हाच अनुभव घेतलेल्या अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. पावसाळी हवेत रंजक भिजण्याची चिंताही तिने बरीच कमी केली.

७/
याच आडनावाचा दुसरा माणूस खानदेशाच्या शेजारी वावरला : कॅप्टन जेम्स फोर्सिथ. बऱ्हाणपूर-असीरगडचा निमाड प्रदेश रावेरच्या सीमेला भिडतो. तिथे जमीनमहसुलाचे काम करताना त्याने सातपुड्याची जंगले पायाखाली घातली. १८६० च्या दशकात त्याने शिकारी रायफलींवर पुस्तक लिहिले. त्याचा मुद्दा असा : खाचांचा पीळ फार तीव्र असेल, तर जास्त दारूच्या धक्क्याने गोल गोळी खाचा सोडून घसरते. पीळ मंद ठेवला, तर भरपूर दारू घालता येते, गोळी वेगाने सरळ जाते आणि शंभर-दीडशे यार्डांपर्यंत नेमाचा फारसा हिशोब करावा लागत नाही. दाट रानात याहून लांबचा नेम क्वचितच लागतो.

८/
गोळी मोठी का लागे, याचे उत्तर भूमितीत आहे. गोळ्याचा व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते. एका पौंड शिशातून चौदा गोळ्या होतील अशी बंदूक म्हणजे चौदा बोअर. तिची गोळी सुमारे साडेसतरा मिलिमीटर व्यासाची आणि बत्तीस ग्रॅमची. गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने घटतो. जखमी सांबर रानात निसटू नये, तर गोळीत वजन हवे आणि शिकारी सावजाच्या जवळ हवा. दुसरी गोळी ठासेपर्यंत कळप दिसेनासा झालेला असे.

९/
म्हणजे या बंदुकीने शिकाऱ्याला दोन गोष्टींची सक्ती केली : जवळ जाणे आणि एकाच बारावर विसंबणे. जवळ जायचे तर वाऱ्याची दिशा, पाणवठा, पायवाट आणि खूर ओळखणारा माणूस लागे. सातपुड्यात सांबर, चितळ, भेकर. तापीकाठच्या मैदानात काळवीट. (बोलीभाषेत सर्वच ‘हरीण’, पण काळवीट कुरंगवर्गातील, त्याची शिंगे गळत नाहीत, सांबर-चितळाची दरवर्षी गळतात.) हे ज्ञान साहेबाजवळ नव्हते. ते भिल्लांजवळ होते. त्यांच्यातील बहुतेकांचे हत्यार तीरकामठा. नाईकांच्या आणि शिबंदीच्या हाती तोड्याची बंदूक.

१०/
आउट्रमने नेमके हेच ओळखले. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आल्यापासून भिल्लांविरुद्ध मोहिमा चालूच होत्या, पण डोंगर शांत होत नव्हता. माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत धोरण बदलले. आउट्रमने आधी बळ वापरले. मग तो भिल्लांबरोबर राहिला, त्यांच्यासोबत शिकार केली आणि त्यांतूनच शिपाई निवडले. त्याच्या चरित्रकाराने १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या उपस्थितीत मारल्या गेलेल्या वाघांची संख्या १९१ दिली आहे. हा आकडा शौर्याचा म्हणून सांगितला गेला. आज तो खानदेशच्या रानातून काय नाहीसे झाले, याचाही हिशोब आहे.

११/
मात्र बंदूक हाती देणारी सत्ता ती कोणाकडे, किती काळ राहावी हेही ठरवू पाहते. सेंधव्याच्या घाटात रखवालीचे सरकारी काम केलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये बंडात उतरला. भीमा नाईकही त्याच रणात होता. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. ज्या डोंगरी ज्ञानावर साहेबांची शिकार चाले, तेच ज्ञान इथे साहेबांच्या फौजेविरुद्ध उभे राहिले.

१२/
१८७८ हे वर्ष या इतिहासाचे वळण आहे. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले : शस्त्र कायदा आणि वन कायदा. पहिल्याने हत्याराला परवाना लावला, दुसऱ्याने रान राखीव करण्याचा अधिकार सरकारला दिला. आरंभीच्या नियमांत युरोपीयांना परवान्यातून सूट होती. एकाच रानात, एकाच जातीच्या सावजावर झाडलेला बार एकाच्या हातून ‘स्पोर्ट’ ठरे आणि दुसऱ्याच्या हातून गुन्हा. हा भेद सुशिक्षितांनाही बोचला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने शस्त्र कायद्यात बदलाची मागणी केली.

१३/
ठासणीची बंदूक मात्र कायद्यातून गेली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. रानडुकरे आणि हरणे पिकात शिरतात, हा शेतकऱ्याचा जुना प्रश्न त्यामागे आहे. काडतुसी रायफल आल्यावर शिकारी साहेबांनी जे हत्यार टाकून दिले, ते शेताच्या मचाणावर टिकले.

१४/
१९६९ मध्ये यावल अभयारण्य घोषित झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा खेळ कायमचा संपवला. सातपुड्यातील सांबराला याची गरज होती, यात शंका नाही. पण रान राखताना एक गोष्ट विसरता येत नाही. साहेबांच्या शिकारकथांत बंदुकीचे बोअर, दारूचे माप आणि शिंगांची लांबी काळजीपूर्वक नोंदलेली सापडते. त्यांना सावजापर्यंत नेणाऱ्या माणसाचे नाव बहुधा सापडत नाही. तो केवळ ‘एक भिल्ल’ असतो. खानदेशच्या शिकारीचा इतिहास लिहिताना पहिला शोध त्या नावाचा घ्यायला हवा.

#खानदेश #जळगाव #धुळे #इतिहास