एरंडेलापासून ब्रेक ऑइलपर्यंत

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड हें जुन्या बाजारपेठेचें गांव. तेथून सोयाबीन किंवा हरभरा भरून एखादी जुनी पिकअप गाडी बार्शीकडे निघाली, म्हणजे येडशीपर्यंत ती बालाघाटाच्या पठारावरूनच चालते. पुढें मात्र रामलिंगाजवळचा घाट उतरावा लागतो. चढावर परीक्षा होते ती इंजिनाची. उतारावर परीक्षा होते ती लिटरभरही नसलेल्या एका द्रवाची. या द्रवाला आपण सारे ब्रेक ऑइल म्हणतों. परंतु आज तो द्रव तेल नव्हे, आणि त्याला तेल समजणें घातक ठरतें. असें कां, हें त्याच्या इतिहासावरून चांगलें कळेल.

घाटांत बैलगाडी थांबवावयाची तर चाकाखालीं दगडाची उटी लावीत. आरंभींच्या मोटारींचे ब्रेक लोखंडी सळयांनीं आणि तारांनीं ओढले जात. एक तार थोडी सैल झाली, कीं एक चाक आधीं धरलें जाई, दुसरें मागाहून; आणि गाडी एका अंगास वळे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा सिद्धांत पास्कलनें सतराव्या शतकांतच मांडला होता. तो मोटारीच्या ब्रेकास लावण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यांस दिलें जातें. त्यांनीं १९१७ सालीं आपल्या रचनेचें पेटंट घेतलें. १९२१ सालीं ड्यूझनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले, १९२४ सालीं क्रायस्लरनें ते स्वीकारले, आणि फोर्डसारख्या मोठ्या कारखान्यानें तर १९३९ पर्यंत सळया व तारा सोडल्या नाहींत.

नळींत कोणता द्रव भरावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. पाणी भरावें तर गंज चढतो. खनिज तेल भरावें तर रबराचे वॉशर फुगतात, मऊ पडतात आणि आपल्या जागीं अडकून बसतात. नैसर्गिक रबराशीं जुळवून घेणारें तेल सांपडलें, तें आपल्या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाचें! एरंडेल फार दाट. म्हणून त्यांत मद्यार्काच्या जातीचा द्रव मिसळून तें पातळ करीत. तेव्हां त्या काळीं तेल हें नांव यथार्थ होतें. परंतु साधा मद्यार्क ७८ अंश सेंटिग्रेडलाच उकळतो. लांब उतारावर ब्रेक तापले, कीं मिश्रणांत वाफ होई. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून चालकाचा पाय खालपर्यंत जाई आणि चाक थांबत नसे.

आपल्याकडे या ब्रेकांचा प्रसार मुंबईच्या कारखान्यांनीं केला. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व क्रायस्लरशीं करार केला. महिंद्रांच्या कंपनीनें १९४७ पासून विलीज जीप जुळविण्यास प्रारंभ केला. मुरुड तेव्हां निझामाच्या राज्यांत होतें; १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य भारतांत विलीन झालें. पुढें बैलगाड्यांची जागा हळूहळू मालमोटारींनीं आणि पिकअपनीं घेतली.

मध्यंतरीं एरंडेल मागें पडून ग्लायकोल ईथर या वर्गांतील कृत्रिम द्रव आले. ते पुष्कळ अधिक उष्णता सोसतात. नवा डॉट ३ द्रव निदान २०५ अंशांपर्यंत उकळतां कामा नये, डॉट ४ हा निदान २३० अंशांपर्यंत, असें बंधन आहे. परंतु या द्रवांस हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड आहे. सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें, म्हणजे तीच किमान मर्यादा अनुक्रमें १४० व १५५ अंशांवर उतरते. अर्थात् जुना, काळवंडलेला द्रव घाटांत पुन्हां त्या मद्यार्काच्या काळाकडे नेतो. शिवाय सिलिंडर आंतून गंजतात तें निराळेंच.

यावरून जुनी गाडी बाळगणाऱ्यानें काय करावें तें उघड आहे. मास्टर सिलिंडरच्या झांकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेंत जो प्रकार लिहिला असेल तोच वापरावा. डॉट ३ च्या जागीं डॉट ४ चालतो. परंतु डॉट ५ हा सिलिकोनचा द्रव निराळा असून त्यांत मिसळतां कामा नये. डॉट ५.१ मात्र ग्लायकोलच्याच कुळांतला आहे. इंजिन ऑइल एक थेंबही घालूं नये, आणि वॉशर रॉकेल वा डिझेलनें धुऊं नयेत. दर दोन वर्षांनीं सगळा द्रव बदलून हवा काढावी. फार दिवस उघडा राहिलेला डबा, किंवा नळींतून काढलेला द्रव, पुन्हां वापरूं नये. द्रवाची पातळी उतरली तर नुसती भर घालून निश्चिंत होऊं नये. एक तर लायनर झिजले आहेत, नाहीं तर कोठें तरी गळती आहे. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकें एकाच नळीवर असतात. एक ठिकाणीं गळलें, कीं चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

तेल या एका शब्दामुळें कित्येकदां हाताशीं असलेलें कोणतेंही तेल त्या डब्यांत ओतलें जातें. नांव जुनें राहिलें, वस्तु बदलली. ही गोष्ट गॅरेजमधील शिकाऊ पोरालाही सांगावी. एका डब्याची किंमत ती काय! परंतु घाटाच्या वळणावर त्या द्रवावर सर्व माल, चालक आणि समोरून येणारा अनोळखी वाटसरू, या साऱ्यांचाच भार असतो.