विषण्णतेवरील शीघ्र उपाय : एका भुलीच्या औषधाचा इतिहास

खोल विषण्णतेवर औषध असू शकते, ही कल्पना वैद्यकात फार जुनी नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात आले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे हसूबोलू लागली, त्यांची अन्नावरची वासना परत आली. औषध क्षयासाठी दिलेले, पण परिणाम मनावर दिसला. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील मानसरोगतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचा असाच गुण प्रसिद्ध केला. या दोन शोधांपासून निघालेल्या औषधांच्या परंपरेने असंख्य रोग्यांना आधार दिला आहे.

तथापि या परंपरेत दोन उणिवा राहिल्या. पहिली उणीव कालाची. औषध आज सुरू करावे आणि त्याचा पुरता गुण काही आठवड्यांनी दिसावा, असा हा क्रम आहे. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याला व त्याच्या घरच्यांना हे आठवडे फार मोठे असतात. दुसरी उणीव अशी की, कित्येकांना ही औषधे लागूच पडत नाहीत. अमेरिकेत सुमारे चार हजार रोग्यांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या औषधाने पूर्ण आराम पडलेले रोगी एक तृतीयांशाच्या आसपासच निघाले. योग्य मात्रेत व पुरेसा काळ घेऊनही दोन औषधे निष्फळ ठरली, म्हणजे डॉक्टर त्या विकाराला उपचारांना न जुमानणारी विषण्णता म्हणतात.

या अडचणीवरची वाट शस्त्रक्रियेच्या दालनातून आली. पार्क-डेव्हिस या अमेरिकन कंपनीला फेनसायक्लिडीन या भुलीच्या औषधाला पर्याय हवा होता, कारण त्याची गुंगी उतरताना रोगी दीर्घकाळ भ्रमिष्टासारखा वागे. कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये केटामीन तयार केले. १९६४ साली मिशिगन राज्यातील जॅक्सन येथील तुरुंगात बंदिवानांवर त्याचा प्रथम प्रयोग झाला. बंदिवानांवर असे प्रयोग करण्याची रीत त्या काळी रूढ होती. पुढे तिच्यावर कठोर टीका झाली आणि बंधनेही आली. प्रयोग करणारे डॉ. एडवर्ड डॉमिनो यांना ही माणसे आपल्या देहापासून व भोवतालच्या जगापासून तुटल्यासारखी वाटली. या अवस्थेला ‘विलगतेची भूल’ या अर्थाचे नाव सुचविले ते त्यांच्या पत्नीने. १९७० मध्ये अमेरिकेत या औषधाला परवाना मिळाला आणि व्हिएतनामच्या रणांगणावर जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले.

त्यानंतर तीस वर्षांनी, २००० साली, येल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी अवघ्या सात रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. शिरेतून अल्प मात्रेत केटामीन दिल्यावर तीन दिवसांच्या आत त्यांची विषण्णता उणावली होती. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. कार्लोस झराटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारांना न जुमानणाऱ्या रोग्यांवर तोच प्रयोग केला. शेकडा ७१ रोग्यांना एका दिवसात उतार पडला. मात्र तो आठवडाभर टिकला शेकडा ३५ जणांतच. या औषधाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन आकड्यांतच दिसून येते.

जुनी औषधे मुख्यतः सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनलिन या द्रव्यांवर काम करतात. केटामीन मेंदूतील ग्लुटामेट या द्रव्याच्या व्यवहारात हात घालते. केटामीनचे रेणू उजव्या-डाव्या हातांप्रमाणे दोन घडणींचे असतात. त्यांपैकी एक घडण वेगळी काढून एस्केटामीन हा नाकात मारावयाचा फवारा सिद्ध झाला. ५ मार्च २०१९ रोजी अमेरिकेने त्याला मान्यता दिली, तीही तोंडाने घ्यावयाच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने. एकट्याने वापरण्याची मोकळीक जानेवारी २०२५ मध्ये मिळाली.

लाभ खरा आहे, पण तो अमर्याद नाही. मान्यतेपूर्वीच्या तीन अल्पकालीन चाचण्यांपैकी एकीतच निर्णायक यश आले. मात्र पूर्ण आराम पडून स्थिर झालेल्या रोग्यांमध्ये फवारा चालू ठेवणाऱ्यांपैकी शेकडा २७ जणांना विकार उलटला, तर तो थांबवून नुसता दिखाऊ फवारा दिलेल्यांपैकी शेकडा ४५ जणांना. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत आठव्या आठवड्यास एस्केटामीनने शेकडा २७ व क्वेटियापीन या औषधाने शेकडा १८ रोगी पूर्ण बरे आढळले. आत्मघाताचे विचार असलेल्या रोग्यांच्या विषण्णतेसाठीही २०२० मध्ये या फवाऱ्याला परवानगी मिळाली. परंतु त्याने आत्महत्या टळते असे सिद्ध झालेले नाही, हे औषधासोबतच्या माहितीतच नमूद आहे. यास्तव रुग्णालयाची गरज असेल तेथे फवाऱ्यावर विसंबून चालत नाही.

धोके औषधाच्या मूळ स्वभावातूनच येतात. विलगतेची भावना, चक्कर, गुंगी आणि रक्तदाबाची तात्पुरती वाढ हे त्याचे नित्याचे परिणाम होत. ज्यांच्या रक्तवाहिनीला फुगवटा आहे किंवा मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला आहे, त्यांना हा फवारा वर्ज्य आहे. नशेसाठी केटामीन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला गंभीर इजा झालेली आढळली असून व्यसनाचे भयही आहे. म्हणून अमेरिकेत हा फवारा घरी नेता येत नाही. रोग्याने तो नोंदणीकृत केंद्रात देखरेखीखाली मारावयाचा, निदान दोन तास तेथेच थांबावयाचे, आणि रात्रीची पुरी झोप होईपर्यंत वाहन चालवावयाचे नाही. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असा हा क्रम आहे.

१९५२ साली रोग्याच्या चेहऱ्यावर हसू दिसायला दिवस लागले. आज ते काही तासांत दिसू शकते. काळोखात चाचपडणाऱ्या माणसाला हा लाभ लहान नव्हे. परंतु लवकर आलेला आराम टिकविण्याचे काम मागाहून उरतेच, आणि त्यासाठी वैद्याची नजर व घरच्यांची साथ आजही तितकीच लागते.