पिक्सेलचं माकडकूळ

मोबाइलच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडावं आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा एक बारीकसा थेंब त्यावर सोडावा. थेंब भिंगाचं काम करतो, आणि त्याच्या आत पांढरं काही दिसतच नाही. दिसतात ते लाल, हिरवे आणि निळे कण. आता त्याच पडद्यावर पिकल्या लिंबाचा फोटो आणावा. थेंबाखाली पिवळा कण एकही सापडत नाही. लाल आणि हिरवे पेटलेले असतात, निळे जवळजवळ विझलेले. लिंबाचा पिवळेपणा पडद्यात कुठेच नसतो. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात घडतो.

पडद्यावरच्या अशा एका ठिपक्यासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, संगणक फक्त तीन आकडे लक्षात ठेवतो. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५. त्यांच्या सगळ्या जुळण्या मोजल्या तर १,६७,७७,२१६ रंग होतात. मी हौसेखातर प्रोग्रॅमिंग शिकलो, तेव्हा पुस्तकात हे तीन आकडे गृहीतच धरलेले होते. तीनच का, चार किंवा सात का नाहीत, याचा खुलासा नव्हता. प्रकाशाच्या अंगी तर तीन हा आकडा कुठेच नाही. दृश्य प्रकाश म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा सलग पट्टा. त्यात कुठे कुंपण घातलेलं नाही. मग हे त्रिकूट आलं कुठून? हा माग काढत गेलं की आपण प्रयोगशाळेतून निघून जंगलात, माकडांच्या खाण्यापिण्यात आणि पुढे त्यांच्या प्रणयात जाऊन पोहोचतो.

अलीकडचं कूळ तसं सरळ आहे. डोळ्यात प्रत्येक रंगासाठी वेगळी सोय असणं शक्य नाही, मोजक्या तीन प्रकारच्या संवेदकांवर भागत असावं, असं थॉमस यंगने १८०१ साली लंडनमध्ये मांडलं. साठ वर्षांनी, १७ मे १८६१ रोजी, जेम्स क्लार्क मॅक्सवेलने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानात ते पडद्यावर करून दाखवलं. चौकड्यांच्या स्कॉटिश रिबिनीचे तीन कृष्णधवल फोटो थॉमस सटनने काढले होते: एक लाल, एक हिरव्या आणि एक निळ्या द्रावणातून. मग ते तिन्ही त्या त्या रंगाच्या प्रकाशात एकावर एक पाडले, आणि रिबीन रंगीत दिसली. गंमत अशी, की त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला लाल प्रकाश कळतच नव्हता. लाल द्रावणातला फोटो यायलाच नको होता. शंभर वर्षांनी, १९६१मध्ये, कोडॅकच्या संशोधकांनी हे कोडं सोडवलं: रिबिनीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता, आणि लाल द्रावणातून ते आरपार जात होते. मॅक्सवेलला दैवाने हात दिला, पण त्याचं तत्त्व पक्कं होतं.

पुढचा टप्पा मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात माणसं आहेत. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइटने दहा आणि जॉन गिल्डने सात जणांना अंधाऱ्या खोलीत बसवलं. समोर प्रकाशाचं छोटं वर्तुळ. त्याच्या अर्ध्या भागात एक शुद्ध रंग, उरलेल्या अर्ध्यात तीन दिव्यांचं मिश्रण. बसलेल्या माणसाने तिन्ही दिवे कमीजास्त करत राहायचं, मधली रेघ पुसली जाऊन वर्तुळ एकसारखं दिसेपर्यंत. असं एकेका रंगासाठी. या सतरा जणांच्या नोंदींच्या सरासरीवर १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. रंगीत टीव्ही, संगणकाचे पडदे, १९९६मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली एसआरजीबी ही रंगपद्धत, या सगळ्यांचं रंगगणित त्याच तक्त्यांवर उभं आहे. कॅमेऱ्याच्या चिपवर जो रंगीत जाळीचा थर असतो, तो कोडॅकच्या ब्राइस बायरचा. १९७६ साली त्याचं पेटंट मिळालं. त्यात हिरव्या खिडक्या लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट आहेत, कारण बारीक तपशील टिपताना आपल्या डोळ्याची भिस्त पट्ट्याच्या त्याच भागावर जास्त असते.

म्हणजे पिक्सेल हा प्रकाशाच्या मापाने बेतलेलाच नाही. तो माणसाच्या दृष्टिपटलाच्या मापाने बेतलाय. मधमाशीला अतिनील दिसतं आणि लाल दिसत नाही. पक्ष्यांच्या डोळ्यात रंगाचे चार संवेदक असतात. त्यांच्या लेखी आपल्या पडद्यावरचा लिंबाचा फोटो रंगाने फसलेला असणार.

आता डोळ्याकडे बघू. आपल्या दृष्टिपटलात शंकूच्या आकाराच्या तीन तऱ्हेच्या पेशी आहेत. एक साधारण ४२० नॅनोमीटरला सर्वाधिक प्रतिसाद देते, दुसरी ५३०ला, तिसरी ५६०ला. आकडे पुन्हा पाहा. पहिली दूर, आणि उरलेल्या दोघी एकमेकींना खेटून. कुणी विचारपूर्वक आखणी केली असती तर तिघींना सारख्या अंतरावर बसवलं असतं. हे विचित्र अंतर म्हणजेच या त्रिकुटाचा जन्मदाखला.

१९८६ साली जेरेमी नेथन्सने या पेशींमधल्या रंगद्रव्यांची जनुकं शोधून काढली, तीही स्वतःच्याच डीएनएतून. हिरव्या (५३०च्या) आणि लाल (५६०च्या) शंकूंची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी निघाली. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं सुमारे ९६ टक्के सारखी. दोघींमधला ३० नॅनोमीटरचा फरक मुख्यतः तीन अमिनो आम्लांच्या बदलातून येतो. मूळ जनुक एकच होतं. साधारण तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजात त्याची चुकून दुहेरी नक्कल झाली. पोथी उतरवताना लेखनिकाने एकच पान दोनदा लिहावं आणि पुढच्या पिढ्यांत दुसऱ्या पानात पाठभेद शिरत जावेत, तसं काहीसं. शेजारच्या जनुकांची अशी गफलत अजूनही होते, म्हणून युरोपीय वंशाच्या शंभर पुरुषांत सुमारे आठ जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पुरुषांना एकच एक्स, त्यामुळे भरपाईला दुसरी प्रत नसते.

नक्कल होण्याआधी काय होतं? दोनच रंग. मासे, सरडे, पक्षी यांच्याकडे पूर्वापार चार प्रकारचे शंकू आहेत. सस्तन प्राणी डायनासोरांच्या काळात रात्रीच्या अंधारात वावरत राहिले आणि त्यांच्यातले दोन गमावून बसले. गायबैल, कुत्री, मांजरं आजही दोनावरच आहेत. पोळ्याला शिंगांना लावलेला लाल रंग आपल्याला जितका उठून दिसतो, तितका तो बैलाला दिसत नाही.

चूक रोजच होत असते. ही चूक टिकली का, हा खरा प्रश्न. इथे खाणं येतं. ग्रँट अ‍ॅलनने १८७९ सालीच रंगदृष्टीचा संबंध फळांशी जोडला होता: हिरव्या गर्दीत पिकलेलं फळ ज्याला लांबून दिसेल त्याचं पोट भरेल. हे पटकन पटतं, आणि बराच काळ सगळ्यांना पटलेलं होतं. पण २००१मध्ये नॅथॅनियल डॉमिनी आणि पीटर लुकास यांनी युगांडातल्या किबाले जंगलात माकडं प्रत्यक्ष काय तोडून खातात ते गोळा केलं, आणि त्या फळापानांचा रंग उपकरणांनी मोजला. बरीचशी फळं पिवळ्या-निळ्याच्या जुन्या दृष्टीलाही सापडण्यासारखी निघाली. लाल-हिरव्याचा भेद ज्याच्यासाठी खरोखर लागत होता, ती होती कोवळी पानं. उष्ण प्रदेशात अनेक झाडांची पालवी तांबूस असते. ती मऊ असते, तिच्यात प्रथिनं जास्त आणि चोथा कमी, आणि फळं नसतात तेव्हा तीच तगवते. आपल्याकडे चैत्रात कुसुमाचं झाड लालभडक होतं, आंबा आणि पिंपळ तांबूस पालवतात. सह्याद्रीतली काळतोंडी वानरं कोवळा पाला आवडीने खातात. त्यांच्या डोळ्यातही तेच तीन शंकू आहेत.

फळ की पालवी, हा वाद मिटलेला नाही. तो सोडवायला अमेरिकेतली माकडं फार मोठी मदत करतात, आणि त्यांच्या डोळ्यांइतकी नवलाची गोष्ट मला या साऱ्या विषयात दुसरी आढळली नाही. तिकडच्या बहुतेक जातींत जनुकाची दुहेरी नक्कल झालीच नाही. एक्स गुणसूत्रावर एकच जागा आहे, पण त्या जागेवर बसणारी जनुकं दोन-तीन तऱ्हांची आहेत. नराकडे एक एक्स, म्हणून त्याला कायम दोनच रंग. मादीकडे दोन एक्स. दोन्हींवर वेगळी तऱ्हा आली, तर तिच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स बंद होतो, कुठे हा, कुठे तो. दृष्टिपटलावर दोन्ही तऱ्हांच्या पेशी विखुरतात आणि तिला तिसरा रंग मिळतो. एकाच कळपात, एकाच फांदीवर, बहिणीला लाल दिसतं आणि भावाला नाही.

कोस्टा रिकाच्या सांता रोसा जंगलात अमांडा मेलिन आणि सहकाऱ्यांनी अशाच कॅपुचिन माकडांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. कोणाला दोन रंग, कोणाला तीन, हे विष्ठेतल्या डीएनएवरून ठरवता येतं. तीन रंगवाल्या माद्या अनेक झाडांवर फळं अधिक वेगाने खाताना दिसल्या. पण पानाखोडाशी रंग मिसळून लपलेले किडे पकडण्यात दोन रंगवाले सरस ठरले. रंगाच्या भुलाव्यात न अडकता त्यांना आकार दिसतो. दोन्ही तऱ्हा टिकून राहिल्या त्या यामुळे असाव्यात. हाउलर माकडांमध्ये मात्र जनुकाची नक्कल स्वतंत्रपणे, दुसऱ्यांदा झाली, आणि नर-मादी दोघांनाही तीन रंग मिळाले. ही माकडं मोठ्या प्रमाणावर पानांवर जगतात. म्हणून माझा कल पालवीकडे झुकतो, फळांना बाजूला न सारता.

अन्नासाठी मिळालेल्या या नजरेचा उपयोग पुढे दुसऱ्याच कामाला झाला. मँड्रिल नराचं लालनिळं तोंड डार्विनला लैंगिक निवडीचा ठसठशीत नमुना वाटलं होतं. १८७६मध्ये त्याने माकडांच्या रंगीत बुडांवर ‘नेचर’मध्ये खास टिपण लिहिलं. जोआना सेचेल यांच्या गाबोनमधल्या अभ्यासात दिसलं, की मँड्रिल नर कळपात वर चढला की त्याचा लाल रंग गडद होतो आणि पायउतार झाला की फिकटतो. बबून आणि चिंपांझीच्या माद्यांचं बूड गर्भधारणा होऊ शकते त्या दिवसांत फुगून गुलाबी-लाल होतं. २००३मध्ये ऱ्हीसस नरांच्या चेहऱ्यांचे फोटो संगणकावर लालसर आणि फिकट करून माद्यांना दाखवले, तेव्हा त्या लालसर चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत राहिल्या.

मग नजर आधी की लाली आधी? आंद्रे फर्नांडेझ आणि मॉली मॉरिस यांनी २००७ साली माकडकुळाचा वंशवृक्ष मांडून हे तपासलं. तिसरा रंग आधी आला, लाल कातडी त्याच्यामागून. पालवी आणि फळं हुडकायला तयार झालेला डोळा आयता होता; ज्याच्या अंगावर लाली उमटली त्याच्याकडे लक्ष गेलं. मार्क चँगिझी यांचं म्हणणं याहून पुढचं आहे: हिरव्या-लाल शंकूंमधलं ते चमत्कारिक ३० नॅनोमीटरचं अंतर त्वचेखालच्या रक्तातला प्राणवायूचा चढउतार टिपायला अगदी नेमकं आहे, आणि तीन रंगवाल्या माकडांचे चेहरेही बहुधा केसरहित असतात. हे विचार करायला लावणारं आहे, पण नजर त्यासाठीच घडली असं म्हणायला मी धजणार नाही. वंशवृक्षाचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. आणि माणसाच्या बाबतीत लाल कपडे, लाल ओठ यांवरून जे झटपट निष्कर्ष काढले जातात, त्यांपासून लांबच राहावं. आपण लाजतो, संतापतो, तेव्हा चेहऱ्यावर रक्त चढतं, आणि समोरच्याला ते कळतं, एवढं मात्र खरं.

एक प्रश्न मला सतावत होता. त्या पहिल्या पूर्वजात नवा शंकू उगवला तेव्हा मेंदूचं काय? नवा रंग समजायला मेंदूतही नवी जोडणी लागली असेल, तर दोन्ही गोष्टी एकदम घडणं जवळजवळ अशक्य. याचं उत्तर जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या प्रयोगशाळेत मिळालं, एका स्क्विरल माकडाकडून. त्याचं नाव डाल्टन, ज्याने १७९४ साली स्वतःच्या रंगांधत्वाचं वर्णन लिहिलं त्या जॉन डाल्टनवरून ठेवलेलं. माकड प्रौढ नर, म्हणजे जन्मापासून दोनच रंगांचं. त्याच्यासमोर संगणकाचा पडदा, त्यावर करड्या ठिपक्यांच्या गर्दीत रंगीत ठिपक्यांचा एक पुंजका. पुंजक्याला बोट लावलं की बक्षीस म्हणून रसाचा थेंब. लाल आणि हिरव्याच्या पुंजक्यांवर तो चुकत राहायचा. मग माणसाचं लाल शंकूचं जनुक निरुपद्रवी विषाणूत घालून त्याच्या दृष्टिपटलामागे टोचलं. साधारण वीस आठवड्यांनी डाल्टन ते पुंजके बिनचूक दाखवू लागला. हे संशोधन २००९मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी, २००७ साली, हेच जनुक घातलेल्या उंदरांनीही जन्मजात नसलेला रंगभेद ओळखून दाखवला होता. निळ्या-पिवळ्याची तुलना करणारी जुनी जोडणी नव्या शंकूच्याही कामी आली असावी. पहिल्या पूर्वजाच्या मेंदूला त्यासाठी थांबावं लागलं नसणार.